उभ्या गाडीची बॅटरी कोण पितं?

किल्ली काढली, दारं लावली म्हणजे गाडी झोपली असं आपण समजतो. पण घड्याळ, ईसीयू, सेंट्रल लॉक यांना थोडा करंट लागतोच. साधारण २० ते ५० मिलीअँपिअर इतकं चालतं. त्यापेक्षा बराच जास्त जात असेल तर कुठेतरी गळती आहे.

निलंग्याला माझ्या मामांची जुनी पेट्रोल गाडी आहे. मामींना सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिससाठी लातूरला न्यावं लागतं. मधले दिवस गाडी दारात उभी, आणि निघायच्या पहाटे सेल्फ मारला की नुसतं 'टक्'. मग शेजाऱ्यांना उठवा, धक्का मारा. एक बॅटरी बदलून झाली होती, दुसरीही बदला असा सल्ला मिळाला होता. सुट्टीत मी मल्टिमीटर घेऊन गेलो. जे केलं ते क्रमाने सांगतो.

१. दोष कुणाचा? इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.१ व्होल्ट मिळाले. १३.८ ते १४.४ च्या दरम्यान आकडा असला की अल्टरनेटर चार्ज करतोय. मग बॅटरी पूर्ण चार्ज करून निगेटिव्ह केबल काढून दोन दिवस ठेवली. व्होल्टेज १२.६ वर टिकून राहिलं. म्हणजे बॅटरीही निर्दोष. चोर गाडीत.

२. करंट मोजा. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये घालून मीटर निगेटिव्ह टर्मिनल आणि केबल यांच्यामध्ये सिरीजमध्ये जोडला. या वेळी सेल्फ अजिबात मारू नका. स्टार्टर शंभराहून जास्त अँपिअर ओढतो, मीटरचा फ्यूज उडालाच म्हणून समजा. नव्या गाड्यांत ईसीयू झोपायला अर्धा तास लागू शकतो, तेवढं थांबा. आमचा आकडा ०.६२ अँपिअरवर स्थिरावला.

आता गणित करा. ०.६२ गुणिले ४८ तास म्हणजे जवळजवळ ३० अँपिअर-तास. बॅटरी ३५ ची! तिसऱ्या दिवशी गाडी चालू होणार तरी कशी?

३. एकेक फ्यूज काढा. ज्या फ्यूजला आकडा धाडकन खाली येतो, दोष त्या सर्किटमध्ये. आम्ही सगळे फ्यूज काढले तरी आकडा जवळपास तिथेच. इथे पुष्कळ जण हात टेकतात. पण याचा अर्थ सरळ आहे: करंट फ्यूज बॉक्समधून जातच नाही.

४. फ्यूज बॉक्सबाहेर काय आहे? आधी अल्टरनेटर, त्याचा डायोड शॉर्ट झाला तर उलटा करंट वाहतो. बॅटरी सोडवून त्याची जाड वायर काढली, टोकाला टेप लावला, पुन्हा मोजलं. फरक नाही. मग पॉझिटिव्ह क्लॅम्पवर नंतर जोडलेली एक लाल वायर दिसली. ती थेट सीटखालच्या अॅम्प्लिफायरला जात होती. हात लावला तर अॅम्प्लिफायर कोमट! ०.५९ अँपिअर गुणिले १२.५ व्होल्ट, म्हणजे सात वॅटच्या वर उष्णता. वायरचा फ्यूज काढला आणि आकडा आला ३० मिलीअँपिअरवर.

अॅम्प्लिफायरला जागं करणारी बारीक रिमोट वायर म्युझिक सिस्टिमच्या निळ्या वायरला जोडायची असते. बसवणाऱ्याने ती कायम सप्लायला जोडली होती. आवाज नाही, दिवा नाही, पण यंत्र रात्रंदिवस जागं. वायर योग्य जागी जोडली, काम झालं. खर्च इन्सुलेशन टेपचा.

त्यानंतर तीन दिवस उभी राहूनही गाडी गुरुवारच्या पहाटे पहिल्या सेल्फला चालू झाली.

यातून घ्यायचं ते एवढंच: वस्तू बदलण्याआधी मोजा, आणि प्रत्येक मोजमापाने संशयितांची यादी लहान करा. आकडा खाली आला नाही तरी तेही उत्तरच असतं. आणि गावी जाताना बॅगेत मल्टिमीटर टाका. कुणाच्या तरी दारात त्याची गरज असतेच.