मांजर दुखणे लपवते

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत एखाद्या उंबऱ्यावर माशाचे डोके खाणारे मांजर नीट पाहा. ते चावत नाही, कातरते. त्याच्या 30 दातांपैकी दाढा कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींवरून सरकतात. जबडा आडवा जवळजवळ हलतच नाही. आपल्या दाढांसारखे खळगे नसल्याने कीड सहसा लागत नाही. दुखणे सुरू होते ते हिरड्यांपाशी! दातावर जंतूंचा चिकट थर बसतो, लाळेतील क्षारांनी त्याचे कीटण बनते आणि हिरडीच्या कडेला लाल रेघ उमटते. तरीही मांजर खात राहते. म्हणून अधूनमधून त्याचा ओठ हळूच उचलून पाहावा. दात मऊ ब्रशने घासावेत. आपली टूथपेस्ट मात्र नको, कारण मांजर ती गिळते. कीटण घट्ट झाले, की ब्रशने निघत नाही. ते काम पशुवैद्याचे.