एक बाजू, तीन गाणी आणि एक गायिका

डिस्को म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर फिरते रंगीत दिवे, चकचकीत कपडे आणि फार तर १९८० च्या 'कुर्बानी'मधील नाझिया हसनचे गाणे येते. संगीत म्हणून त्याचा विचार करण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. "ठेका वगळला तर त्यात उरते काय?" हा प्रश्न मलाही अनेकदा ऐकावा लागला आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी मी एकच ध्वनिमुद्रिका अभ्यासाला घेतली. ग्लोरिया गेनर या अमेरिकन गायिकेची 'नेव्हर कॅन से गुडबाय' ही ती पहिली एल.पी. एम.जी.एम. कंपनीने ती १९७५ च्या आरंभी बाजारात आणली.

'पहिली' या शब्दाने फसू नये. गेनरचा जन्म १९४३ चा, न्यूअर्क शहरातला. तिची पहिली छोटी तबकडी १९६५ मध्येच निघाली होती. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षे तिने क्लबांतून गाऊन काढली. स्वतःच्या नावाची एल.पी. हाती आली तेव्हा ती एकतीस वर्षांची होती.

या एल.पी.ची दुसरी बाजू नेहमीसारखी आहे. तिच्यावर पाच सुटी गाणी आहेत. नवल आहे ते पहिल्या बाजूत. 'हनी बी', 'नेव्हर कॅन से गुडबाय' आणि 'रीच आउट, आय'ल बी देअर' ही तीन गाणी तेथे मध्ये क्षणाचीही शांतता न ठेवता एकमेकांत गुंफलेली आहेत. एक गाणे संपते न संपते तोच दुसरे सुरू होते. सुमारे १९ मिनिटे ठेका थांबत नाही.

असे करण्याचे कारण समजून घेतले पाहिजे. रेडिओला साधारण तीन मिनिटांचे गाणे लागे, आणि छोट्या तबकडीचे मापही तेच झाले होते. नाचघरातली गरज मात्र वेगळी. तेथे तीन मिनिटांत अंगात लय भिनते न भिनते तोच गाणे संपे, आणि नाचणारे पांगत. टॉम मोल्टन या ध्वनिमिश्रणकाराने ही अडचण जाणली होती. त्याने गाण्यांतील वाद्यांचे भाग लांबवले आणि सांधे असे जुळवले, की पावलाला खंड जाणवू नये. संगणकाचा तो काळ नव्हे. अशी कामे ध्वनिफीत कापून आणि जोडून होत असत.

ठेक्याची घडण अगदी साधी आहे. चार मात्रांतील प्रत्येक मात्रेवर पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा ठोका पडतो आणि मधल्या जागा झांज भरून काढते. त्यावर व्हायोलिनांचा ताफा आणि ब्रास वाद्ये येतात. ठोका ठरलेल्या जागीच पडणार अशी खात्री असल्यामुळे वरचे स्वर मोकळेपणाने हिंडू शकतात.

येथे मला आपल्या एकल तबलावादनाची आठवण होते. त्यात लेहरा एकसारखा फिरत राहतो आणि बोलतो तो तबला. स्वर मागे आणि ताल पुढे, ही व्यवस्था आपल्या कानाला परकी नाही. फरक एवढाच, की लेहरा धरणाऱ्याचे नाव मुखपृष्ठावर छापलेले नसते. येथे ज्या गायिकेचे नाव आणि चित्र मुखपृष्ठावर आहे, तिलाच बराच वेळ गप्प राहावे लागते. आपल्या वाट्याला गाणे फारसे आलेलेच नाही, असे ही बाजू प्रथम ऐकताच गेनरच्या लक्षात आल्याची आठवण मोल्टननेच पुढे सांगितली आहे. दहा वर्षे वाट पाहिलेल्या गायिकेच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हती.

मग ही ध्वनिमुद्रिका कोणाची, गाणारीची की कापून जोडणाऱ्याची? माझ्या मते याचे उत्तर मधल्या गाण्यात मिळते. क्लिफ्टन डेव्हिस याने रचलेले हे गाणे १९७१ मध्ये जॅक्सन फाइव्ह यांनी गाजवले. तेव्हा ते संथ होते, आणि मुख्य स्वर बारा वर्षांच्या मायकेल जॅक्सनचा होता. सोडून जायचे ठरवूनही पाय निघत नाही, असा त्याचा आशय. गेनरने ते द्रुत लयीत घेतले, पण त्यातील दुःख सोडून दिले नाही. तिचा भरदार आवाज आर्जव करीत नाही. आपली अगतिकता तो ताठ मानेने सांगतो. शिवाय ज्या गाण्यात निरोप घेता येत नाही, ते अशा बाजूवर आहे जेथे एक गाणे दुसऱ्याचा निरोपच घेत नाही! मोल्टनच्या जोडकामाला अर्थ येतो तो गेनरच्या स्वरामुळे. नाहीतर ती नुसती लांबण झाली असती.

लोकांनाही ते पटले. याच गाण्याला 'बिलबोर्ड' साप्ताहिकाने १९७४ मध्ये सुरू केलेल्या डिस्को-यादीत प्रारंभीच अग्रस्थान मिळाले, आणि एल.पी. त्यांच्या सर्वसाधारण यादीत २५ व्या क्रमांकापर्यंत गेली. १९७५ मध्येच डॉना समरचे एकच गाणे एल.पी.ची अख्खी बाजू व्यापून निघाले. बाजू हेच माप धरून संगीत रचण्याची वाट रुळली होती.

गायिकेच्या हक्काचा प्रश्न मात्र मागे राहिला. त्याचे उत्तर १९७८ मध्ये आलेल्या 'आय विल सर्व्हाइव्ह'ने दिले, असे मला वाटते. त्या गाण्याच्या आरंभी ठेका नाही. पियानोच्या साथीने एकटा गेनरचा आवाज उभा राहतो आणि ठेका त्याच्या मागून येतो. १९७९ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले.

तेव्हा "ठेका वगळला तर उरते काय?" याचे माझे उत्तर असे: जो आवाज १९ मिनिटांच्या ठेक्याखाली दबला नाही, तो उरतो. मात्र तो ऐकायचा तर नाचणाऱ्या पायांना घटकाभर थांबवून कान द्यावा लागतो.