प्रकाशकिरणांनी सूक्ष्मकणांचे मोजमाप

भूजलातील आर्सेनिक लोहाच्या ऑक्साइडच्या पृष्ठभागास चिकटते. कण जितके लहान, तितका त्यांचा एकूण पृष्ठभाग अधिक. १० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या एक लक्षांश, व्यासाचे एक ग्रॅम मॅग्नेटाइट कण घेतल्यास तो सुमारे ११५ चौरस मीटर भरतो. म्हणूनच कणांचे आकारमान अचूक मोजणे अगत्याचे ठरते.

फेरस व फेरिक क्षार १:२ या प्रमाणात पाण्यात विरघळवून, हवेचा संपर्क टाळून, ढवळत ढवळत अमोनिया मिळविला असता मॅग्नेटाइटचा काळा अवक्षेप मिळतो. तो धुऊन पाण्यात विखुरतात.

पाण्यातील सूक्ष्मकण अविरत हलतात; लहान कण जलद, मोठे मंद. या हालचालीचा कणांच्या आकारमानाशी असलेला संबंध आइन्स्टाइन यांनी १९०५ साली मांडला. नमुन्यावर लेसर किरण सोडले असता विखुरलेल्या प्रकाशाची तीव्रता सतत बदलते. त्या बदलांच्या वेगावरून, तापमान व द्रवाची विष्यंदिता लक्षात घेऊन, व्यास काढला जातो.

तथापि, अशा कणांनी विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात वाढतो. दहापट मोठा कण दहा लाख पट प्रकाश विखुरतो! साहजिकच एकत्र चिकटलेले मोजके कण किंवा थोडी धूळही मोजणी फसवू शकते. यासाठी गाळलेले पाणी, विरल नमुना, स्थिर तापमान व इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पडताळा आवश्यक आहे. जलशुद्धीकरणाचे साहित्य निवडताना कणांच्या व्यासाच्या आकड्याबरोबरच तो कसा मिळविला, हेही विचारले पाहिजे.