गावाचा शोध : संगणकाला नेमके कसे विचारावे

समजा, आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘मु. किहीम, ता. अलिबाग, जि. कुलाबा’ असे लिहिले आहे. इस्राएलात जन्मलेला नातू गूगलवर ‘कुलाबा’ एवढेच लिहितो. समोर येतात मुंबईच्या कुलाब्यातील दुकाने आणि हॉटेले. आजोबा म्हणतात, “अरे बाळा, हे आपले नव्हे!”

चूक दोघांचीही नाही. 1981 साली कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. दाखला त्याआधीचा आहे. मुंबईतील कुलाबा हा निराळाच भाग. हा फरक संगणकाला सांगावा लागतो. त्यासाठी चार खुणा लक्षात ठेवाव्यात.

1. दुहेरी अवतरणचिन्हे : कोकणात बेने इस्राएलांना शनवार तेली म्हणत, कारण ते तेलाचे घाणे चालवीत व शब्बाथला बंद ठेवीत. हे दोन शब्द नुसते लिहिले तर तेलाच्या भलत्याच गोष्टी येऊ शकतात. "शनवार तेली" असे लिहिले की हे शब्द याच क्रमाने शेजारी असलेली पाने शोधली जातात.

2. वजाचिन्ह : नको असलेल्या शब्दाला चिकटवून लिहावे, मध्ये जागा सोडू नये. उदा. कुलाबा अलिबाग -हॉटेल. मात्र ‘-मुंबई’ लिहिताना जपावे. किहीमची माहिती देणाऱ्या पानावर मुंबईचा उल्लेख असला, तर तेही पान गळेल.

3. उभी रेघ : म्हणजे ‘किंवा’. एकच नाव लोक दोन तऱ्हांनी लिहितात. तेव्हा "शनवार तेली" | "शनिवार तेली" असे लिहावे.

4. ठरावीक संकेतस्थळ : इंग्रजी छोट्या अक्षरांत ‘साइट’, लगेच विसर्गासारखी दोन टिंबे, आणि जागा न सोडता संकेतस्थळाचे नाव लिहावे. मग फक्त तेथेच शोध होतो. जुन्या पुस्तकांसाठी आर्काइव्ह डॉट ऑर्ग हे नाव वापरून पाहावे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा 11 वा खंड (1883) कुलाबा व जंजिरा यांचा आहे. त्यात कुलाबा इंग्रजी ‘के’ने लिहिला आहे, मुंबईचा कुलाबा हल्ली ‘सी’ने लिहितात. या एका अक्षराने अर्धे काम होते.

आडनावाच्या बाबतीत सावध राहावे. पेणचा तो पेणकर, रोह्याचा तो रोहेकर, किहीमचा तो केहीमकर. पण गावावरून आडनाव शेजारच्या हिंदू घरांनीही घेतले. म्हणून आडनाव जुळले की नाते जुळले, असे समजू नये. सापडलेले पान घरातील वडीलधाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवावे. विहीर कोठे होती, घाणा कोणाचा होता, हे तेच सांगू शकतात. संगणक उद्याही असेल. आजोबांना आजच विचारलेले बरे.

स्वाध्याय (नातवंडे व आजी-आजोबांनी जोडीने करावा)

अ) आपल्या आडनावातील गाव ओळखा. ते मराठीत व इंग्रजीत किती प्रकारे लिहिता येते?

आ) वरीलपैकी दोन खुणा एकत्र वापरून ते गाव शोधा.

इ) सापडलेल्या माहितीतील कोणती गोष्ट आजी-आजोबांना पटली नाही, ती त्यांच्याच शब्दांत वहीत लिहा.