पेंडीतली बुरशी आणि पुडीतली माती

पाऊस लागला की दवाखान्यात येणाऱ्या दूध उत्पादकांच्या हातात एक पुडी हमखास असते. ‘डॉक्टर, हे टॉक्सिन बाइंडर चालू करू का? पचन सुधारतं म्हणे, फॅटही वाढते.’ अशा पुडीत बहुतेक वेळा बेन्टोनाइट असतं, म्हणजे कच्छ-राजस्थानच्या खाणींतून निघणारी चिकणमाती. ती कामाची आहे, पण तिचं काम वेगळं आहे.

ओल लागलेल्या सरकीच्या किंवा शेंगदाण्याच्या पेंडीत, मक्याच्या भरड्यात बुरशी धरते आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. बेन्टोनाइटच्या पापुद्र्यांना हे विष चिकटतं आणि शेणावाटे निघून जातं. माती नसेल, तर गाईचं यकृत त्याचं रूप पालटतं आणि त्यातलं थोडं दुधात उतरतं. दूध उकळून ते जात नाही. म्हणूनच आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने किलोभर दुधात 0.5 मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली आहे. ते दूध आधी आपल्याच घरातली लेकरं पितात, हे विसरू नका. मात्र मक्यावरच्या दुसऱ्या बुरशींची काही विषं या मातीला फारशी चिकटत नाहीत. त्यामुळे बुरशी दिसणारी पेंड माती मिसळून खपवू नका, फेकून द्या.

आता पचनाचं. कोटीपोटात चारा पचवतात ते जिवाणू. आंबोणातून पेंड, युरिया जास्त गेला की तिथे अमोनिया वाढतो. माती त्यातला काही धरून ठेवते, सावकाश सोडते. आम्लताही जराशी आवरते, पण खाण्याच्या सोड्याइतकी नाही. खरा सोडा गाईच्या लाळेत असतो, दिवसाला 100 लिटरहून जास्त लाळ, आणि ती सुटते रवंथ केल्यावर. गोठ्यात निवांत बसलेल्या 10 गाईंपैकी निदान 5-6 रवंथ करताना दिसल्या पाहिजेत. दिसत नसतील तर पुडी शोधू नका, कुट्टी पाहा. ती पिठासारखी बारीक नको, इंच-दीड इंचाची हवी. भरडाही एकदम वाढवू नका, दोन आठवडे घ्या. फॅट तिथून लागते.

मातीत ना ऊर्जा, ना प्रथिनं. मूठ-मूठ घातली तर तेवढं खाद्य कमी जातं. युरोपीय संघाने 2013 मध्ये अफ्लाटॉक्सिनसाठी बेन्टोनाइटला परवानगी दिली, तीही किलोभर खाद्यात जास्तीत जास्त 20 ग्रॅमची. पुडीवरचं प्रमाण पाळा. काही प्रतिजैविकं तोंडावाटे दिली, तर माती त्यांनाही धरून बसते आणि औषध लागू पडत नाही; उपचार सुरू असताना डॉक्टरांना पुडीबद्दल आधी सांगा. मेंढ्यांमध्ये तांब्याचं शोषणही हिच्यामुळे घटतं.

पेंडीची पोती जमिनीला आणि भिंतीला टेकवू नका, खाली लाकडी फळ्या ठेवा. हातात घेतलेली पेंड गरम किंवा कुबट लागली, तर ती गव्हाणीत जाता कामा नये.

गाय आपणहून भिंत, माती चाटत असेल, तर तिला मातीची गरज आहे असं समजू नका. बहुधा स्फुरद किंवा मीठ कमी पडलेलं असतं, कधी पोटात जंत असतात. शेण तपासायला घेऊन या.