दुकानाच्या वेबसाइटवर ईमेलने लॉगिन : पहिल्या मायग्रेटच्या आधीच करा

कोड व्हिडिओत स्क्रीनवर आहेच, तो थांबवून टाइप करा. इथे त्यामागचं कारण सांगतो.

जँगोमध्ये तयार मिळणारं यूजर मॉडेल लॉगिनला यूजरनेम मागतं. वर्षातून चारदा ऑर्डर देणाऱ्या गिऱ्हाइकाला ते कुठून आठवणार? ईमेल पाठ असतो. शिवाय या तयार मॉडेलमध्ये ईमेल युनिक नसतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. एकाच ईमेलवर दोन खाती निघतात. पासवर्ड विसरला की गिऱ्हाइकाला दोन मेल येतात आणि ऑर्डरी दोन खात्यांत वाटल्या जातात.

उपाय असा. अकाउंट्स नावाचं वेगळं अ‍ॅप काढा आणि त्यात अ‍ॅबस्ट्रॅक्ट यूजरवरून आपला यूजर क्लास बनवा. यूजरनेम काढून टाका, ईमेल युनिक करा, यूजरनेम फील्डच्या जागी ईमेल लिहा. रिक्वायर्ड फील्ड्सची यादी रिकामी ठेवा, नाहीतर जँगो लगेच एरर देतं. मॅनेजरही आपला लिहायचा, कारण जुना मॅनेजर सुपरयूजर बनवताना यूजरनेमच मागतो. अ‍ॅबस्ट्रॅक्ट बेस यूजर नावाचा दुसरा रस्ताही आहे, पण त्यात बरंच काही स्वतः बांधावं लागतं. दुकानासाठी एवढा खटाटोप कशाला?

आता मुख्य गोष्ट. सेटिंग्जमध्ये ऑथ यूजर मॉडेल ही ओळ पहिल्यांदा मायग्रेट चालवायच्या आधी पाहिजे. ऑर्डर, पत्ते, अ‍ॅडमिनच्या नोंदी, सगळी टेबलं यूजरच्या टेबलाला जोडलेली असतात. नंतर मॉडेल बदललं तर ते सांधे आपोआप जुळत नाहीत, डेटाबेस हाताने दुरुस्त करावा लागतो. डेव्हलपरला काम देताय? मग अ‍ॅडव्हान्स देण्याआधी हा प्रश्न विचारा. तयार मॉडेल पुरत असेल तरी नव्या प्रोजेक्टला आपलं मॉडेल ठेवा.

एक बारकावा राहिला. जँगो ईमेलमधला ‘अ‍ॅट’च्या पुढचा भागच लहान अक्षरांत करतं, आधीचा भाग तसाच ठेवतं. त्यामुळे मोबाइलवर पहिलं अक्षर कॅपिटल पडलं की बहुतेक डेटाबेसांना तो वेगळाच ईमेल वाटतो. म्हणून साइनअप आणि लॉगिन दोन्हीकडे पूर्ण ईमेल लहान अक्षरांत करून घ्या.

(तुमची गिऱ्हाइकं ईमेल वापरतच नसतील, तर याच पद्धतीने मोबाइल नंबर ठेवा.)

झाल्यावर स्वतःच्याच ईमेलने दोन खाती काढून बघा, एकदा लहान अक्षरांत, एकदा कॅपिटलमध्ये. दुसरं खातं निघालं नाही पाहिजे.