थंडीचा अंदाज आणि आपली बाग: आत्याचे कानमंत्र

बाळा,

परवा फोनवर तू विचारलंस, "आत्या, यंदा थंडी कमी पडणार म्हणतात, मग मोहोराचं काय?" तुझ्या आवाजातली काळजी ऐकली आणि बरं वाटलं. काळजी आहे म्हणजे बाग तुझी झाली. मुंबई सोडून रत्नागिरीला आलास, त्यानंतरचा हा तुझा पहिलाच हिवाळा. आंबा पिकला का हे चाचपून ओळखायला शिकावं लागतं, तसा अंदाजही वाचायला शिकावा लागतो. मी चुकत चुकत शिकले. तुला चुकायचंच असेल तर नव्या चुका कर, माझ्या जुन्या पुन्हा कशाला? म्हणून हे लिहून पाठवतेय. एका बैठकीत वाचू नकोस, चहाबरोबर दोन-दोन वाच.

अंदाज वाचताना

१. अंदाज हातात आला की आधी तो किती दिवसांचा आहे ते बघ – हवामान विभागाचा थंडीचा अंदाज नोव्हेंबर सरताना येतो आणि डिसेंबर ते फेब्रुवारीची गोळाबेरीज सांगतो. मोहोराला गोळाबेरीज कळत नाही, त्याला एकेक रात्र कळते.

२. नकाशावर 'कोकण आणि गोवा' दिसलं म्हणून ते आपलंच अंगण समजू नकोस – तो एकच उपविभाग पालघरपासून काणकोणपर्यंत पसरलाय. दापोलीच्या माथ्यावर दोन गोधड्या लागतात त्या रात्री आपल्या खाडीकाठी एक चादर पुरते.

३. 'सरासरीपेक्षा जास्त' या शब्दांशेजारचा शक्यतेचा आकडाही वाच – सरासरी म्हणजे १९९१ ते २०२० या तीस वर्षांची. शक्यता ६० टक्के असली, तरी तशा शंभर हिवाळ्यांतले चाळीस वेगळे निघणार हे त्यातच आलं.

४. किमान आणि कमाल तापमान वेगवेगळं वाच – आपल्याकडे पहाटे शाल आणि दुपारी घामाच्या धारा एकाच दिवशी असतात. पूर्वेचा कोरडा वारा सह्याद्री उतरताना तापतो आणि खाऱ्या वाऱ्याला लवकर आत येऊ देत नाही, म्हणून भर हिवाळ्यातही देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांत रत्नागिरीचं नाव येतं.

५. 'थंडीची लाट' हा शब्द किनाऱ्याच्या मापानं मोज – सपाट मुलखात त्यासाठी पारा १० अंशांपर्यंत उतरावा लागतो. किनाऱ्यावर तो १५ किंवा त्याखाली आला आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी घसरला, तरी लाट धरतात, कारण समुद्राच्या उबेत वाढलेल्यांना तेवढाही गारठा सोसत नाही.

६. शहराचा आकडा ऐकलास तर कुठल्या वेधशाळेचा ते विचार – मुंबईतच कुलाबा आणि सांताक्रूझ अशा दोन आहेत आणि पाण्याला बिलगलेल्या कुलाब्याचा पारा रात्री सहसा कमी उतरतो. मुंबईची ७.४ अंशांची नीचांकी नोंद सांताक्रूझची आहे, २२ जानेवारी १९६२ ची.

७. ला निनाचं नाव ऐकून लगेच कपाटातली घोंगडी काढू नकोस – प्रशांत महासागराचं गार पाणी सगळ्या हंगामाचा कल दाखवतं, आपल्या बागेतली अमुक रात्र नाही. लांबचा नातेवाईक निरोप धाडतो, दार मात्र शेजारीच ठोठावतो.

८. हिमालयात बर्फ पडल्याची बातमी आली की पुढचे काही दिवस पहाटे आकाश बघ – पश्चिमेकडून येणारे विक्षोभ पुढे सरकले की त्यांच्या मागून उत्तरेचा कोरडा, गार वारा खाली उतरतो. आपल्या थंडीचा मोठा वाटा तोच आणतो.

९. प्रत्येक अंदाजाला त्याच्या लायकीचं काम दे – तिमाही अंदाजावर खर्चाचा बेत, दर गुरुवारच्या पुढच्या आठवड्यांच्या अंदाजावर फवारणीचा बेत आणि आजच्या अंदाजावर ताडपत्री. मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी सल्ला येतो, 'मेघदूत' अॅपवर मराठीतच मिळतो, तो चुकवू नकोस.

१०. तापमापक सावलीत, छातीएवढ्या उंचीवर, वारा खेळेल तिथे टांग – मी तो तीन वर्षं पडवीच्या भिंतीला टांगला होता. दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब सोडते, म्हणून तिन्ही वर्षांचे माझे आकडे वाया गेले.

११. जमलं तर दोन तापमापक ठेव, एक सड्यावर आणि एक खाली पऱ्याकाठी – गार हवा जड असते, ती शांत रात्री पाण्यासारखी उतरून खोलगट जागी साठते. एकाच बागेत दोन हिवाळे नांदतात.

बागेत

१२. पहिला मोहोर बघून व्यापाऱ्याकडून उचल घेऊ नकोस – मी २०२१ मध्ये घेतली आणि १ व २ डिसेंबरला पावसानं सगळा किनारा झोडपला, फेडता फेडता दुसरा मोसम उजाडला. मोहोर मोजावा डोळ्यांनी, आंबा मोजावा पेटीनं.

१३. ढगाळ सकाळी चहा घेण्याआधी मोहोराखाली जाऊन एक फांदी हलव – तुडतुडे भुर्रकन उडाले की समजायचं, वेळ आली. ढगाळ, दमट हवेत ते झपाट्यानं वाढतात आणि त्यांचा चिकटा पडला की पानं काळी पडतात.

१४. रात्री गारवा, पहाटे दव आणि दुपारी ऊब असे दिवस लागून आले की मोहोराचे दांडे जवळून न्याहाळ – पिठासारखी भुरी तेव्हाच धरते. ती लांबून दिसायला लागली म्हणजे आपण उशीर केलाय.

१५. अवेळी पाऊस पडून गेला की गड्यांची वाट न बघता फांद्या हलवून मोहोरावरचं पाणी झाड – ओला राहिलेला मोहोर करप्याला आवतण देतो. एवढ्याशा कामानं पुढचा मोठा खर्च वाचतो.

१६. औषध आणि त्याचं प्रमाण दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या वेळापत्रकातूनच घे, शेजाऱ्याच्या पंपातून नको – त्याची पालवी कोवळी असेल आणि तुझा मोहोर फुललेला. एकच काढा सगळ्या तापांना चालत नाही.

१७. मोहोर पूर्ण फुललेला असताना पंप खाली ठेव – त्या दिवसांत माश्या आणि मधमाश्या आपल्या बागेत बिनपगारी राबत असतात. त्या मेल्या तर नुसता मोहोर राहतो, आंबा धरत नाही.

१८. फवारणी वारा पडलेला असताना, सकाळी दव सुकल्यावर कर आणि तोंडाला फडकं बांध – ओल्या पानावरून औषध ओघळतं, वाऱ्यात ते तुझ्याच अंगावर येतं. तुझे काका फडकं बांधायला कंटाळायचे आणि मग रात्रभर खोकत बसायचे.

१९. जास्त थंडी मागू नकोस – मोहोर फुटायला ती हवी, पण कडाका लांबला तर नर फुलंच जास्त येतात आणि फळधारणा कमी होते. मीठ आणि थंडी चिमटीनंच बरी.

२०. कैऱ्या वाटाण्याएवढ्या झाल्यावर पुन्हा गारठा आला तर झाडाच्या शेंड्यांकडे लक्ष ठेव – नवा मोहोर फुटला की झाडाचं अन्न तिकडे वळतं आणि आधीच्या कैऱ्या गळतात. त्याला पुनर्मोहोर म्हणतात, तो दिसताच विद्यापीठाचा सल्ला घे, शोभा म्हणून बघत बसू नकोस.

२१. फेब्रुवारी तापणार असा अंदाज आला की आळ्यात पालापाचोळा पसर आणि फळं वाटाण्याएवढी, सुपारीएवढी, अंड्याएवढी होतील तसं दर खेपेला झाडामागे १५० ते २०० लिटर पाणी दे – जांभ्याच्या जमिनीत ओल टिकत नाही आणि तहानलेलं झाड आधी कैऱ्या टाकतं.

२२. अंड्याएवढ्या झालेल्या कैऱ्यांना हात पोचेल तिथे कागदाच्या पिशव्या घाल – उन्हाचे चटके, डाग आणि फळमाशी तिन्हींपासून आडोसा होतो. काम किचकट आहे, पण पेटी उघडल्यावर त्याचं मोल कळतं.

२३. काजूकडे पाठ फिरवू नकोस – आंब्याच्या मोहोराला त्रास देणारी ढगाळ हवा काजूवर ढेकण्या आणते आणि कोवळे शेंडे सुकतात. गरीब भावाचीही विचारपूस करावी.

२४. डिसेंबरातच बागेभोवतीचं गवत कापून जाळरेषा काढ – अंदाजात 'कोरडं हवामान' हे दोन शब्द फार गोड वाटतात, पण वणवा त्यांच्याच पाठीवर बसून येतो. एका दुपारच्या वाऱ्यात माझी चौदा कलमं गेली, तीही पलीकडच्या सड्यावर कुणीतरी टाकलेल्या विडीनं.

२५. पऱ्याला पाणी वाहतंय तोवर गावकऱ्यांबरोबर वनराई बंधारा घाल, माती भरायला सिमेंटच्या रिकाम्या गोणी जपून ठेव – पावसात आपल्याला पाण्याचा कंटाळा येतो आणि मार्चमध्ये त्याच पाण्यासाठी टँकरची वाट बघावी लागते. हिवाळ्यात अडवलेली घागर उन्हाळ्यात हंडा होते.

समुद्रावर

२६. मामेभावाच्या होडीवर जायची हौस आली तर पहाटे निघा आणि परतीची वेळ आधी ठरवा – पहाटेचा मतलई वारा होडी समुद्रात ढकलतो आणि दुपारचा खारा वारा घरी आणतो. उत्तरेचा वारा जोरात असेल त्या दिवशी हौस घरी ठेव.

२७. डिसेंबर आला म्हणून वादळ संपलं असं मानू नकोस – २०१७ चं ओखी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातलंच. ३ तारखेच्या पौर्णिमेचं उधाण त्याला मिळालं आणि किनाऱ्यावर पाणी आत शिरलं. इशारा वाचलास की लगेच पंचांगातली तिथी बघ, भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या, दिवसांपेक्षा पौर्णिमा-अमावास्येला लाट जास्त आत येते.

२८. सुकत घातलेली मासळी सूर्य बुडायच्या आत झाक – दिवसभराचं ऊन एका रात्रीच्या दवानं फुकट जातं आणि वास घरभर राहतो.

घरात आणि वाटेवर

२९. कोळशाची शेगडी पेटवलीस तर खिडकी उघडी ठेव आणि झोपायच्या आधी ती अंगणात ने – कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. थंडीनं हुडहुडी भरते, बंद खोलीनं घर रिकामं होतं.

३०. आंबा-काजूच्या कामासाठी मुंबईला निघालास तर कशेडी आणि परशुराम घाट उजाडल्यावर, धुकं विरल्यावर पार कर – धुक्यात समोरचा दिवा दिसतो तेव्हा गाडी अगदी जवळ आलेली असते. एक तास उशिरा पोचलास तर कुणी रागावणार नाही.

३१. रायगडात मावशीकडे पोपटी खायला जरूर जा, पण उठताना विस्तवावर पाणी ओतून मगच ऊठ – वालाच्या शेंगा भाजणारी आग सुक्या शेतातही तितक्याच आवडीनं शिरते.

३२. रोज सकाळी वहीत चार गोष्टी लिही: किमान तापमान, आकाश, दव आणि झाडावर काय दिसलं – पाच वर्षांनी हीच वही तुला सांगेल की अंदाज असा आला की तुझ्या बागेत काय घडतं. ते दुसरं कुणीच सांगू शकत नाही.

बाळा, यंदा थंडी कमी पडेल की जास्त, हे मी तुला सांगणार नाही. हवामान विभाग त्याच्या परीनं सांगतोय आणि मन लावून सांगतोय. पण त्यांचा अंदाज बागेच्या कुंपणापर्यंत येतो, कुंपणाच्या आतली राखण आपली. म्हणून माझ्या एकोणीस हिवाळ्यांच्या वह्या एसटीनं पाठवल्यात. पहिल्या तीन वर्षांचे आकडे भिंतीवरचे आहेत, ते सोडून दे, पण त्यातल्या तारखा खऱ्या आहेत. शेवटच्या वहीत निम्मी पानं कोरी ठेवलीत. उद्या पहाटे उठ, तापमापक बघ आणि माझ्या अक्षराखाली तुझा पहिला आकडा लिही. आणि मला फोन करून तो सांग. मी जागीच असते.

तुझी,
आत्या